मेनलँडवाले मालक

अंदमानात घर घेतलंय म्हटलं की सोलापुरात दोनच प्रश्न येतात. "तिथं आपल्याला घेता येतंय होय?" आणि लगेच, "समुद्र दिसतो का घरातनं?" पहिल्याचं उत्तर, घेता येतं, पण सगळीकडं नाही. दुसऱ्याचं, नाही दिसत, आणि ते आम्ही ठरवून केलंय. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही: तुम्ही इथं असताना तिथल्या खिडक्या कोण उघडतं? घर शोधताना आमचं सगळ्यात जास्त डोकं खर्ची पडलं ते याच प्रश्नावर. ओळखीतले दोघंतिघं आता तिकडं जागा बघायच्या गोष्टी करतायत, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

मी बँकेत कर्ज विभागात होते. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या लोकांचे सातबारे, फेरफार, खरेदीखतं, वारसनोंदी वाचण्यात नोकरी गेली. त्यामुळं जागा कितीही देखणी असू दे, माझी नजर आधी कागदावर. आमचे हे रेल्वेतनं निवृत्त झालेले. यांना समुद्राचं वेड. ४४ अंशांच्या उन्हात जन्म गेलेल्या माणसाला ते कुठनं लागलं कोण जाणे, पण लागलंय खरं. जावई नौदलात आणि तेव्हा पोस्टिंग पोर्ट ब्लेअरला, त्यामुळं निमित्तही मिळालं. (२०२४ मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं. कागदांवर आता तेच येतं. आमच्या तोंडात मात्र अजून पोर्ट ब्लेअरच आहे, त्यामुळं इथंही तेच लिहिते.)

जुळे सोलापुरातला एक प्लॉट विकून आलेले पैसे होते. मुलगी म्हणाली, "आई, एफडीत ठेवण्यापेक्षा इकडं काहीतरी बघू या." मी म्हटलं, "बघू. पण तुमची बदली होणार हे धरूनच बघायचं." नौदलातली बदली काही चुकत नाही. मुलगी तिथं आहे म्हणून घर घ्यायचं आणि ती गेल्यावर कुलूप लावून बसायचं, हे मला मान्य नव्हतं.

आता घेता कुठं येतं ते सांगते, कारण यात बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे. अंदमान-निकोबारचं क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षाही कमी. त्यातली सुमारे ८६ टक्के जमीन वनखात्याच्या दप्तरी आहे. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाखाली राखीव केलेल्या भागात बाहेरच्या माणसाला जमीन तर सोडाच, परवान्याशिवाय पायही ठेवता येत नाही. निकोबार जिल्हा जवळजवळ सगळा त्यातच गेला. उरतात ती महसुली गावं आणि शहर. म्हणजे पर्यटनाच्या जाहिरातीत दिसतं ते अख्खं हिरवं-निळं अंदमान विकाऊ नाही. जे आहे ते चिंचोळं, दाटीवाटीचं आणि म्हणूनच महाग. तिथं भाव चौरस मीटरवर चालतो. "दोनशे मीटर" म्हटलं की यांच्या डोळ्यांसमोर दोनशे मीटर लांबीचा प्लॉट यायचा, मग मी म्हणायची, "अहो, दोन गुंठे."

जाता जाता लक्षद्वीपचंही सांगून टाकते. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिकडं जाऊन आल्यावर आमच्या कॉलनीत अर्ध्या लोकांना लक्षद्वीपला प्लॉट घ्यायचा होता. तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात आणि त्यांची जमीन बाहेरच्याला घेता येत नाही. तिथं नुसतं जायचं तरी परमिट लागतं. तेव्हा तो विषय तिथंच संपला.

जागा बघायला सुरुवात केली ती एका दलालाबरोबर. माणूस बोलका आणि गाडी भरधाव. तिथं दिवस भारतीय वेळेनंच मोजतात, पण सूर्य फार आधी उगवतो आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतोसुद्धा. आपण सोलापुरी, चारचा चहा घेऊन निघू म्हणणारे. पहिल्या दिवशी आम्ही एक प्लॉट चक्क बॅटरीच्या उजेडात बघितला. दुसऱ्या दिवसापासून जावई सहालाच दारात.

वंडूरच्या रस्त्याला त्यानं एक जागा दाखवली. उतारावर नारळ-सुपारी, खाली पाणी चमकतंय, वर एक लाकडी घर. भाव ऐकून हे माझ्याकडं बघायला लागले, इतका कमी. मी कागद मागितले. दलाल म्हणाला, "मॅडम, ये पोस्ट-सेवेंटीएट है, स्टँप पेपर पे हो जाएगा. सब ऐसे ही लेते हैं." तिथं हे शब्द भाजीबाजारातही ऐकू येतात. वनजमिनीवर किंवा सरकारी जमिनीवर १९७८ आधी झालेली अतिक्रमणं नियमित झाली. नंतरची नाहीत. घर उभं, वीज आलेली, माणसं वर्षानुवर्षं राहतायत, पण जमीन त्यांच्या नावावर नाही. स्टँप पेपरवर हात बदलतो तो फक्त ताबा. आपल्याकडंही गुंठेवारीत लोकांनी असंच केलं आणि पुढं नियमित होण्याची वाट बघत बसले. मी दलालाला म्हटलं, "पुढची जागा दाखवा." हे परत येताना गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. ते नारळ त्यांच्या मनात बसले होते.

त्याच रस्त्यावर सिप्पीघाट लागतं. तिथं जावयांनी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला लांबवर पाणी पसरलेलं, मध्येमध्ये खारफुटी. ही भाताची शेतं होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन मीटरभर खाली बसली, आणि त्सुनामी ओसरली तरी इथलं भरतीचं पाणी पुन्हा परत गेलंच नाही. उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावं आम्ही करमाळ्याच्या बाजूला बघितली आहेत, पण त्यांना आधी नोटीस आली होती, मोजणी झाली होती. इथं शेतकरी सकाळी उठला आणि शेताच्या जागी समुद्र. त्या दिवसापासून आमच्या यादीतनं सखल जागा बाद झाल्या.

समुद्राकाठच्या जागांचं तर वेगळंच. जावयांच्या एका मित्राकडनं हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचा, प्लॉट आला होता. पांढरी वाळू, वर झुकलेली झाडं, मोबाइलवरचे फोटो बघून आमच्या नणंदबाईंनी सोलापुरात बसूनच तिथं हॉटेल काढलं. पण भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकाम करता येत नाही. बेटांसाठी २०११ ची एक अधिसूचना आहे, २०१९ ची दुसरी, आणि बेट केवढं त्यावर ते अंतर बदलतं. समुद्राला लागून असलेल्या प्लॉटची किंमत आपण पूर्ण क्षेत्रफळाची मोजायची आणि घर बांधायला मिळणार मागच्या तुकड्यात. मित्राला हे विचारलं तर म्हणाला, "वो सब मॅनेज हो जाता है." बँकेत असताना हे वाक्य ऐकलं की मी फाइल बंद करायची. इथंही तेच केलं.

शेवटी गाराचरम्यात आलो. शहराला लागून, थोडं चढावर, दाट वस्ती, समोर किराणा दुकान, चार पावलांवर देऊळ. समुद्राचा मागमूस नाही. खाली आरसीसीची दोन खोल्यांची बैठी इमारत, मागं पत्र्याच्या छपराची एक खोली आणि न्हाणी, मध्ये विहीर. मागच्या खोलीत एक तेलुगू कुटुंब भाड्यानं राहत होतं. मूळचे श्रीकाकुळमकडचे. त्यातल्या अम्मा विहिरीवर भांडी घासत होत्या.

माझं माहेर साखर पेठेतलं. शेजारीपाजारी सगळे पद्मशाली, घराघरात माग, त्यामुळं तेलुगू मला खेळता खेळता आलेलं. व्याकरण शून्य, पण भांडता येण्याइतकं. अंदमानात सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, दलालही आमच्याशी हिंदीतच बोलत होता. मी अम्मांना तेलुगूत विचारलं, "नीळ्ळु कसं येतं इथं?" नीळ्ळु म्हणजे पाणी. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. त्या आधी माझ्या बोलीला मनसोक्त हसल्या. मग हात पुसून त्यांनी जे सांगितलं ते ना दलालानं सांगितलं असतं, ना घरमालकानं.

पोर्ट ब्लेअरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडं सरासरी साडेपाचशे-सहाशे. मेपासून डिसेंबरपर्यंत दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. तरी उन्हाळ्यात शहरात पाणीटंचाई. डोंगराळ बेट, पडलेलं पाणी थेट समुद्रात, आणि शहराची मुख्य भिस्त एका धनीखारी धरणावर. अम्मा म्हणाल्या, फेब्रुवारीनंतर नळाला रोज पाणी येत नाही, दिवसाआड, कधी त्याहून उशिरा. हे सांगून त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, ही मेनलँडवाली आता पळणार म्हणून. मी म्हटलं, "अम्मा, आमच्याकडं चार-पाच दिवसांनी येतं." उजनी भरलेली असो की रिकामी, सोलापूरकराच्या घरात पिंप, टाकी, हंडे भरलेलेच असतात. मी लगेच पुढचे प्रश्न विचारले. विहिरीला मार्च-एप्रिलमध्ये किती पाणी राहतं? चव मचूळ होते का? छपराच्या पागोळ्यांचं पाणी कुठं जातं? अम्मांनी दाखवलं: पत्र्याला पन्हळ लावलेली, खाली निळं पिंप, त्यावर जुन्या साडीचं फडकं बांधलेलं. विहीर एप्रिलमध्ये खोल जाते, पण आटत नाही आणि गोडी टिकते. घर तिथंच मनात पक्कं झालं. कागद अजून बघायचे होते.

मालकांनी एक गोष्ट आपणहून सांगितली: "भाडेकरू की चिंता मत कीजिए, खाली करके देंगे." घेणाऱ्याला रिकामा ताबा हवा असतो, हे तेही जाणून. मी बँकेत असते तर अशा फाइलवर पहिला शेरा तोच मारला असता. इथं मी म्हटलं, "नका काढू." यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, तू हे बोलतीयस? आयुष्यभर लोकांना उलटं सांगितलंस." पण बँकेला घर विकून वसुली करायची असते. आम्हाला घर टिकवायचं होतं. जावई जाणार हे ठरलेलं. समुद्रावरच्या हवेत बंद घराचं काय होतं ते मुलीच्या क्वार्टरमध्ये डोळ्यांनी बघितलं होतं. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरला आली आणि परत गेली तेव्हा कपाटातल्या यांनी प्रेमानं दिलेल्या चादरीवर हिरवट बुरशीचे गोल, पुस्तकं फुगून फळीत अडकलेली, कुलपात किल्ली फिरेना. इथनं नेलेली कडक भाकरी तर तिथं डबा उघडला की संध्याकाळपर्यंत चामड होते, खडखडीत भाकरीचा तो आवाज गेला की तिच्यात राम नाही. आपल्याकडं सहा महिने कुलूप लावून गेलं तर घरात धूळ बसते. झाडली की झालं. तिथं घर आतून सडायला लागतं.

तेव्हा अम्मांचं कुटुंब राहू द्यायचं, पण कागदोपत्री नीट. खरेदीच्या आधी मालकांचा आणि त्यांचा जुना हिशेब मिटवून घेतला, अनामत किती आणि ती कोणाकडं ते लिहून घेतलं. आमच्या नावानं अकरा महिन्यांचा नवा करार. त्यात स्वच्छ शब्दांत की ते परवानगीनं राहतायत, मागच्या खोलीपुरते, आणि पुढच्या खोल्यांची देखभाल त्यांच्याकडं. भाडं जुनंच ठेवलं, त्यातनं देखभालीचे पैसे वजा. दर महिन्याला पावती. लोक म्हणतात भाडेकरू जागा बळकावतात. बळकावतात ते बहुतेक जिथं काहीच लिहिलेलं नसतं तिथं, आणि जिथं मालक वर्षानुवर्षं फिरकत नाही तिथं.

आता कागद. तिथं सातबारा नाही. हक्काची नोंद ज्यात असते त्याला फॉर्म-एफ म्हणतात. तो तहसीलमधनं निघतो, सोबत जागेचा नकाशा. पटवारी, तहसीलदार, त्यांच्यावर उपायुक्त. हे सगळं १९६६ च्या तिथल्या जमीन महसूल विनियमाखाली चालतं. फॉर्म-एफवर मी तीन गोष्टी बघितल्या: नाव कुणाचं, क्षेत्र किती, आणि जमिनीचा वर्ग काय. वर्ग 'हाउस साइट' असला पाहिजे. शेतीची किंवा डोंगरउताराची जमीन असेल तर आधी तिचं डायव्हर्शन, म्हणजे आपल्याकडचं एनए, झालेलं हवं. "बाद में करा लेंगे" असं सांगणारे तिकडंही आहेत, इकडंही.

आपल्याकडं जमिनीचा इतिहास काढायला गेलं की इनाम, कूळ, वतन असं काहीतरी निघतं. तिथं बहुतेक कागदांच्या मुळाशी सरकारचं वाटप असतं. फाळणीनंतर १९४९ पासून पूर्व बंगालमधनं आलेल्या निर्वासित कुटुंबांना जमिनी देऊन वसवलं, त्याच्याही आधी बंदिवसाहतीतल्या लोकांची पिढी, मग रांचीकडचे मजूर, तमिळ, तेलुगू, केरळकडचे मोपला. आमच्या जागेचं मूळ वाटप विक्रेत्यांच्या आजोबांच्या नावचं. वडील वारले, चार मुलं. नोंदीत तिघांची नावं, चौथी बहीण लग्न होऊन कोलकात्याला गेलेली, तिचं नाव लावायचं राहूनच गेलं होतं. घरातल्यांचं म्हणणं, तिला काही नको आहे. मी म्हटलं, नको असेल तर तसं तिनं लिहून द्यावं. यावरनं बरेच दिवस ताणाताणी झाली. दलाल मला "बँकवाली आंटी" म्हणायला लागला तो तेव्हापासनंच. शेवटी बहीण कोलकात्याहून विमानानं आली, आणि आली ती भावांवर चिडूनच, कारण विक्रीचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. तिचा हिस्सा तिला मिळाला, सही झाली. नंतर तिनं मला घरी चहाला बोलावलं. बंगाली माणसं मासे सोडून दुसरं काही खाऊ घालतात हे मला त्या दिवशी कळलं. संदेश फार सुंदर होते.

स्थानिक वकील केला. सोलापुरातला ओळखीचा वकील फोनवर मदत करायला तयार होता, पण तिथल्या दप्तराची खाचखोच तिथल्यालाच माहीत. अंदमानला विधानसभा नाही, सगळा कारभार नायब राज्यपालांच्या प्रशासनाकडं, आणि भांडण वर गेलं तर कोलकाता उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ पोर्ट ब्लेअरला बसतं. वकिलानं दुय्यम निबंधकाकडं सर्च, म्हणजे जागेच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतला, विक्रेत्याच्या बाजूच्या परवानग्या, नगरपालिकेचा कर, विजेची बाकी, सगळं काढलं. रजिस्ट्रीला आम्ही दोघं स्वतः गेलो. खरं सांगायचं तर रजिस्ट्रीचा दिवस अगदीच साधा. अंगठे, फोटो, सह्या, बँकेतनं पैसे गेल्याचा मेसेज, आणि बाहेर नारळपाणी.

त्यानंतर नाव चढवणं, वीजमीटर बदलणं, कर आपल्या नावावर करणं, यासाठी प्रत्येक वेळी कोण जाणार? मुलीला मुखत्यारपत्र द्यायचं ठरलं. इथं एक नियम कामाचा आहे. खरेदीखत नोंदवायचं ते जागा जिथं असेल तिथं, पण नोंदणीच्या कामासाठी द्यायचं मुखत्यारपत्र करायचं ते देणारा जिथं राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर. म्हणजे आमच्यासाठी सोलापुरात. दस्तलेखकानं तयार मसुदा पुढं केला, त्यात विक्री, गहाण, बक्षीस, सगळे अधिकार छापलेले. मी पेन घेऊन निम्म्या ओळी खोडल्या. तो म्हणाला, "काकू, स्वतःच्या लेकीवर विश्वास नाही होय?" मी म्हटलं, "लेकीवर आहे. हा कागद उद्या कुणाच्या हातात पडेल त्याच्यावर नाही." तिथंच रांगेत उभ्या असलेल्या एका आजोबांनी जागेचा पत्ता वाचला आणि विचारलं, "काळं पाणी काय ओ? कशापायी?" यांनी त्यांना सेल्युलर जेलपासून सगळं सांगितलं. आमचा नंबर येईपर्यंत आजोबांना गाराचरम्याच्या विहिरीचं पाणीही पाठ झालं होतं.

अपेक्षेप्रमाणं बदली आली. मुलगी-जावई विशाखापट्टणमला गेले. तिथनं पोर्ट ब्लेअरला जहाज जातं, एवढाच त्यातला दिलासा.

तेव्हापासून घर चाललंय ते अम्मांवर. रोज सकाळी त्या पुढच्या खिडक्या उघडतात, पाऊस आला की मिटतात. फोनवर व्हिडिओ दाखवतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालनं इंटरनेटची केबल आली म्हणून हे शक्य. त्याआधी मुलीचा व्हिडिओ कॉल म्हणजे गोठलेलं तोंड आणि तुटक आवाज. वीजबिल, कर आता मी इथं बसून भरते. बेटावरची वीज अजून मोठ्या प्रमाणात डिझेलवरच. आपल्या फताटेवाडीला एवढा मोठा वीजप्रकल्प आहे, तरी आपण लोडशेडिंगच्या नावानं बोटं मोडतो. तिथं तेलाचा थेंब न् थेंब जहाजानं येतो.

दुरुस्तीत मात्र सोलापूरचा कुठलाच हिशेब चालत नाही. किनाऱ्यावरची वाळू काढायला तिथं बंदी आहे, २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासनं. त्यामुळं गिलाव्याला वाळूऐवजी खडी क्रशरची बारीक कच, किंवा मेनलँडवरनं जहाजानं आलेली वाळू, तिच्या भावात. सिमेंट, सळई, फरशी, पत्रा, सगळं जहाजानं. जहाज उशिरा आलं की गवंडी बसून. पहिल्या पावसाळ्यानंतर एका खांबाचा गिलावा फुगला. आतली सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. यांनी व्हिडिओवर ते बघितलं आणि रात्रभर झोपले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. आम्ही पोरांना कडेवर घेऊन रस्त्यावर आलो होतो. आणि अंदमान तर देशातल्या सगळ्यात तीव्र भूकंपपट्ट्यात. इंजिनिअर लावून सगळे खांब तपासून घेतले. तो म्हणाला, बांधकाम ठीक आहे, पण दारं-खिडक्यांचे लोखंडी कब्जे काढून स्टेनलेस स्टीलचे घाला, आणि पुढं कधी माडी चढवायची झाली तर हलकी, लाकूड-पत्र्याची. तिथल्या जुन्या माणसांची घरं तशीच आहेत, त्यात त्यांचा शहाणपणा आहे.

बागेचं मात्र यांचं स्वप्न गोगलगायींनी खाल्लं. मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी. जपान्यांच्या ताब्यात बेटं होती तेव्हा त्या आल्या असं सांगतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर भिंतीवर, पायरीवर, विहिरीच्या काठावर, सगळीकडं. यांनी लावलेली मिरची, वांगी, पपईचं रोप एका रात्रीत सपाट. अम्मा मीठ टाकून मारतात. हे म्हणतात, "बिचाऱ्या." मी म्हणते, "बिचाऱ्या काय, वांग्याची भाजी गेली की माझी."

राहायला जातो तेव्हा चेन्नईची गाडी सोलापूरवरनंच जाते, तिथनं विमान, नाहीतर हैदराबादहून. विमानाचं भाडं डिसेंबर-जानेवारीत डोळे पांढरे करतं, आणि आम्हाला तर गड्डा यात्रा सोडून जानेवारीत कुठं जायचंच नसतं, तेव्हा आम्ही पर्यटक ओसरल्यावर जातो. जहाजानंही जाता येतं, चेन्नईहून अडीच-तीन दिवस. जहाजाच्या तिकिटात आयलंडर आणि बाहेरचे असे दोन दर आहेत. यांना वाटलं होतं घर नावावर झालं की आपण आयलंडर. ते कार्ड तिथं वर्षानुवर्षं राहिलेल्यांना, तिथं शिकलेल्यांना. खरेदीखत दाखवून मिळत नाही. अम्मांकडं आहे. मालक पूर्ण दरानं जातो आणि भाडेकरीण सवलतीत. मला त्यात काही गैर वाटत नाही.

पैशाचा हिशेब लोक विचारतात. भाड्यातनं देखभाल, कर, डागडुजी वजा जाता हातात काही उरत नाही. जागेचा भाव वाढला असेल, पण विकायची म्हटली तर तिथं गिऱ्हाईक मोजकं आणि कागदांची हीच सगळी वाट पुन्हा चालावी लागणार. गुंतवणूक म्हणून कुणी विचारलं तर मी होटगी रोडचा प्लॉट सुचवते. तिथं स्वतःच्या माणसाचं जाणं-येणं असेल, शेजार बघून घर घ्यायची तयारी असेल, तरच अंदमानचा विचार करावा. नुसता समुद्रच हवा असेल तर हॉटेलात राहावं, त्याच पैशात कितीतरी वर्षं राहता येतं.

आता मागच्या खोलीचे पत्रे बदलायचेत. पन्हळीजवळ दोन ठिकाणी गंजून भोक पडलंय, अम्मांनी तात्पुरतं डांबर लावलंय. पाऊस मेमध्ये सुरू होतो, म्हणजे माल एप्रिलच्या आत बेटावर पोहोचला पाहिजे. यांचं म्हणणं, रंगीत पत्रा घालू, गंजत नाही. अम्मांचं म्हणणं, रंगीत पत्र्याखाली दुपारी फार उकडतं, साधाच जाड घ्या. तिथं राहायचंय त्यांना, म्हणून काल चेन्नईच्या दुकानदाराला साध्या जाड पत्र्याचा भाव विचारलाय. त्यानं मापं मागितली आहेत. अम्मांचा मुलगा रविवारी टेप घेऊन छपरावर चढणार आहे.